कानानं निवडणारी

थोरलीचे डोळे बांधा, हातात काय वाटेल ते द्या, ती दाबून सांगेल काय आहे ते. मुकादम हे नुसतं सांगायचा नाही, करून दाखवायचा. बेटावर फिरायला आलेले लोक कचऱ्याची शेड बघायलाही यायचे, कारण हॉटेलवाल्यांनी माहितीपत्रकात शेडचा फोटो टाकला होता. रंगीत माशांच्या खाली आणि सूर्यास्ताच्या वर. लोक नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे. मुकादम त्यांच्यातल्याच एकाचा रुमाल मागून घ्यायचा आणि थोरलीच्या डोळ्यांवर बांधायचा.

"चुरचुरी," थोरली म्हणायची. म्हणजे पिण्याच्या पाण्याची पारदर्शक बाटली.

"धपकी." शाम्पूचा नाहीतर फिनेलचा जाड डबा.

"फडफडी." ही पिशवी.

"खडखडी." थंड पेयाचा पेला, दाबला की तडकणारा.

"आणि हा तुमचा चष्मा आहे मुकादम. एक काडी आधीच ढिली झालीय, धरा, नाहीतर खापर माझ्यावर फुटेल."

लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि जाता जाता दारातल्या पिंपात आपापली रिकामी बाटली टाकून जायचे.

ही नावं कुठल्या पुस्तकातली नव्हती. थोरली आणि तिची जाऊ धाकटी, या दोघींनी ती खड्ड्यावर असताना पाडली होती. दोघींची खरी नावं फक्त हजेरीच्या वहीत. बाकी सगळ्या बेटाला त्या थोरली-धाकटीच. थोरली छप्पन्न वर्षांची, हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. धाकटी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, अंगानं काटकुळी आणि जिभेला हाड नाही. बेटाची पुढची बाजू पाहुण्यांची, मागची बाजू खड्ड्याची, मधे टेकडी. शेड व्हायच्या आधी बेटाचा सगळा कचरा त्या खड्ड्यात जायचा आणि तिथं बाराही महिने धुमसत असायचा. या दोघी त्यातून विकण्याजोगं वेचायच्या. धुरानं डोळे उघडायची सोय नव्हती. डोळे मिटून, तोंडाला फडकं गुंडाळून, हाताला लागेल ते दाबून बघायचं आणि आवाजावरून पोत्यात टाकायचं. डोळे गेले तिथं कान शिकले. धाकटीलाही ते जमायचं, पण थोरलीचा कान म्हणजे सोनाराचा काटा. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या बाटल्यांतला फरक ती सांगायची.

धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्या आठ दिवसांत तिनं चुलीपासून चावीपर्यंत सगळं हातात घेतलं होतं, आणि थोरली भेटेल त्याला सांगत सुटली होती, "कानामागून आली आणि तिखट झाली." पुढं दोघा भावांनी घर वाटून घेतलं, एका नळावरून भांडण झालं आणि दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. खड्ड्यावर मात्र शेजारी शेजारी वेचायच्या. "धुरात कोण कुणाचं तोंड बघतंय," असं धाकटी म्हणायची.

मग गोलसाहेब आला.

हा पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावरून आलेला अधिकारी. भला माणूस. जिथं जाईल तिथं आधी एक गोल काढायचा, कागदावर, फळ्यावर, एकदा तर वाळूत काठीनं. बाटली इथून बोटीनं पलीकडं जाईल, कारखान्यात वितळेल, तिची पुन्हा बाटली होईल, ती भरून बेटावर येईल. काही जाळायचं नाही, काही फेकायचं नाही. शेडच्या भिंतीवर त्यानं निळ्या अक्षरांत लिहून घेतलं: सगळं परत येतं.

"मग माझे पुढचे दोन दात कधी यायचेत ते विचारा साहेबांना," धाकटी म्हणाली. गोलसाहेब एवढा हसला की हातातला खडू मोडला.

त्यानंच दोघी जावांना एका टेबलावर समोरासमोर बसवलं. टेबल लोखंडी जाळीचं. त्याच्या आधीच्या टेबलावर झाकणं आणि लेबलं निघायची, मग चेपलेल्या बाटल्या या दोघींपुढं यायच्या. चुरचुरी उजवीकडं, बाकी सगळं डावीकडं. उजवीकडच्या बाटल्यांचा दाबयंत्रात गठ्ठा व्हायचा, तारेनं आवळला जायचा आणि बुधवारच्या बोटीनं कारखान्यात जायचा. कारखान्याची अट एकच: गठ्ठ्यात दुसरी जात नको. एक जरी वेगळी निघाली तरी वितळताना सगळा रस नासतो, दुधात लिंबू पिळल्यासारखा. बाटलीच्या बुडाला आकडा असतो खरा, पण चेपलेल्या प्रत्येक बाटलीचं बूड बघत बसलं तर दिवसाकाठी एक पोतं व्हायचं नाही. थोरली दाबायची आणि टाकायची. एका तासात पाच पोती.

पाच वर्षं एकही गठ्ठा नाकारला गेला नाही. मागचा खड्डा विझला. आधी त्यावर कावळे बसेनासे झाले, मग कडेनं गवत उगवलं, आणि एक दिवस धाकटीला तिथं कुणाचीतरी शेळी चरताना दिसली. तिनं ती बातमी घरोघर जाऊन सांगितली. "शेळी! आपल्या खड्ड्यावर! खातेय आणि मरत नाहीये!"

आता खोट कुठं आली ते सांगतो.

टेबलापासून सहा हातांवर गिरणी होती. कडक प्लास्टिकचे डबे, खोकी, खुर्च्यांचे पाय भरडून त्यांचा चुरा करणारं यंत्र. काम दळायचं म्हणून बायकांनी तिचं नाव गिरणी ठेवलं. ती सुरू झाली की पोटातलं पाणी हलायचं. कानात घालायला साहेबानं रबरी बोळे दिले होते. सगळ्यांनी घातले, धाकटीनंही, गिरणी थांबली की काढायचे. थोरलीनं नाही घातले, कारण बोळे घातले तर बाटली ऐकायची कशानं?

आधी बारीक आवाज गेले. घड्याळाची टिकटिक, किटलीची शिट्टी, पहाटेची पाखरं. थोरलीला वाटलं, पाखरंच कमी झाली असतील, बेटावर काय कमी झालेलं नाही? घरात काही कळायचा प्रश्नच नव्हता. तिचा नवरा तीस वर्षं बोटीच्या इंजिनावर. तो मीठ मागायचा तरी पलीकडच्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा. बहिरीच्या घरात ओरडणारा नवरा, देवानं जोडी बरोबर जमवली होती, फक्त थोडी उशिरा.

ज्या दिवशी तिनं चुरचुरी दाबली आणि हाताला नुसती हालचाल कळली, आवाज नाही, त्या दिवशी तिनं ती बाटली पुन्हा दाबली. मग दुसरी. मग तिनं समोर धाकटीकडं पाहिलं. धाकटी काहीतरी बोलत होती, हसत होती. थोरली हसली आणि बाटली उजवीकडं टाकली.

कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर मुकादमानं तिला टेबलावरून उठवून धक्क्यावर झाडू मारायला लावलं असतं. एका नजर गेलेल्या बाईला त्यानं तसंच केलं होतं, गोड बोलून. पण झाडूचं एवढं नव्हतं. आयुष्यभर तिला कुणी देखणी म्हटलं नव्हतं, हुशार म्हटलं नव्हतं, नवऱ्यानं तर नावानंही हाक मारली नव्हती. पण आलेल्या परक्या माणसासमोर मुकादम छाती फुगवून म्हणायचा, "या शेडचं खरं यंत्र म्हणजे आमच्या थोरलीचे कान." ते तिला सोडवेना. आणि हाताला अजून थोडं कळत होतं, डोळ्याला दिसत होतं. दीड वर्ष तिनं निभावून नेलं. डोळे बांधायच्या खेळाला मात्र ती डोकं दुखतंय म्हणून नाही म्हणू लागली. लोकांची तोंडं बघून बोलणं ओळखायला शिकली. जिथं ओळखता यायचं नाही, तिथं मान हलवायची. दहांतल्या नऊ प्रश्नांना 'हो' चालतं, हे तिनं शोधून काढलं होतं. जेवलीस का, हो. उकडतंय ना, हो. उद्या बोट लवकर आहे बरं का, हो हो.

हंगामाच्या तोंडावर तिची लेक घरी आली ती एक बाटली नाचवत. लेक पुढच्या बाजूच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायची.

"आई, बघ! आमच्याकडं प्लास्टिक बंद!"

"मग हे काय आहे?"

"हे प्लास्टिक नाही. झाडापासून केलंय. हे बघ, पान काढलंय." लेबलावर हिरवं पान होतं. "मातीत पुरली की माती होते. पाहुण्यांना आम्हाला हेच सांगायचंय, पाठ करून घेतलंय."

थोरलीनं बाटली उजेडात धरली. पारदर्शक. दाबली. हाताला चुरचुरीसारखीच.

"आमच्या शेडीत नको हो ही. गठ्ठ्यात गेली तर रस नासेल," ती म्हणाली.

"नाही येत तुमच्याकडं. वेगळ्या हिरव्या पिशव्यांत भरणार, पलीकडं पाठवणार. तिथं कसलासा मोठा कारखाना आहे, गरम हवेत कुजवतात म्हणे."

"मातीत होते म्हणालीस ना?"

"अगं म्हणजे, त्या कारखान्यातल्या मातीत." लेक जरा अडखळली. "तू फार विचारतेस."

लेक गेल्यावर थोरलीनं ती बाटली घरामागं, कपडे धुवायच्या दगडाशेजारी पुरली. बघू तर खरं.

हंगाम असा आला की दिवसाला सात बोटी. धक्क्यावर माणूस मावेना. बेटाचं पाणी खारट, तेव्हा उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बाटली आणि चढणाऱ्याचे हात मोकळे. हॉटेलात हिरव्या पिशव्या आठ दिवसांत संपल्या. नव्या आल्या नाहीत. खोली आवरणारीनं काय करावं? वीस खोल्या, एक ढकलगाडी, एकच मोठी काळी पिशवी. पानाची बाटली काय आणि बिनपानाची काय, सगळ्या एकाच काळ्या पिशवीत. यात लेकीचा काही दोष होता असं कुणी म्हणू नये, आणि लेकीनं ते आईला सांगितलं नाही याचाही फार बोभाटा करण्यात अर्थ नाही. दमून घरी येणारी माणसं काय काय सांगतात?

शेडीत लेबल निघालं की पान गेलं. टेबलावर नुसती चेपलेली पारदर्शक बाटली.

एका सकाळी धाकटी बाटली दाबता दाबता थांबली. पुन्हा दाबली. कानाजवळ नेली. मग टेबलावर वाकून थोरलीच्या हातावर टिचकी मारली.

"थोरले, ही ऐक गं. चुरचुरत नाही ही. कुडकुडतेय. वाळलेल्या पानासारखी."

धाकटीचं तोंड समोर होतं, त्यामुळं थोरलीला शब्द न् शब्द कळला. तिनं बाटली घेतली. गिरणी बंद होती, शेड शांत होती, निदान थोरलीला तशी वाटत होती, पण तिला ती नेहमीच वाटायची. तिनं दाबली. हाताला हालचाल. आवाज नाही. लेकीच्या बाटल्या हिरव्या पिशव्यांतून पलीकडं जातात, एवढंच तिला ठाऊक होतं. ती धाकटीच्या डोळ्यांकडं बघत राहिली. धाकटी वाट बघत होती. तीस वर्षांत, चार वर्षांच्या अबोल्यातसुद्धा, थोरलीच्या कानाचा निवाडा धाकटीनं कधी मोडला नव्हता.

"चुरचुरीच आहे," थोरली म्हणाली. "नव्या कंपनीची असेल. टाक उजवीकडं."

"बघ हां."

"तू मला शिकव आता."

"शिकवत नाही बाई. गुरूची विद्या गुरूलाच कोण शिकवणार," असं म्हणून धाकटीनं बाटली उजवीकडं टाकली. आणि मग तशी प्रत्येक बाटली उजवीकडंच टाकली.

तीन महिन्यांनी बुधवारची बोट भरून आली. नेहमी ती रिकामी यायची आणि भरून जायची. धाकटीनं आधी पाहिलं आणि हाक मारली, पण थोरली वळली ती सगळे वळले म्हणून. क्रेननं एकेक गठ्ठा धक्क्यावर उतरवला. चाळीस गठ्ठे. तारा तशाच, आवळलेल्या. प्रत्येकावर तांबड्या रंगात एक शब्द रंगवला होता: परत.

मुकादम धक्क्यावर उभा राहून एकदा गठ्ठ्यांकडं आणि एकदा शेडच्या भिंतीकडं बघत होता. कुणी हसलं नाही. धाकटीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गोलसाहेब आला. त्याच्या हातात कारखान्याचं पत्र होतं. झाडाच्या बाटल्या मिसळल्या, अख्खी भट्टी वाया गेली, यंत्राच्या नळ्यांत रस थिजला. मुकादमाच्या खोलीत एकेकाला आत बोलवायला लागले. खोली जनित्राला लागून. भिंत थरथरायची.

आधी धाकटी गेली. बाहेर आली तेव्हा थोरलीकडं बघून नुसती भुवई उडवली, म्हणजे जा, तुझी पाळी.

थोरली आत गेली. गोलसाहेब खिडकीत उजेडाकडं पाठ करून उभा होता, त्याचा चेहरा काळा, ओठ दिसत नव्हते. मुकादम खुर्चीत, मान खाली, पत्रावर बोट ठेवून वाचत, लिहीत, आणि तसाच बोलत. थोरलीला फक्त त्याचा भांग दिसत होता आणि हलणारा जबडा. ती थांबली. जबडा थांबला. मुकादमानं मान वर केली, चष्म्यावरून पाहिलं, म्हणजे उत्तर हवं होतं.

दहांतल्या नऊ प्रश्नांना 'हो' चालतं.

"हो," थोरली म्हणाली आणि मान हलवली. मुकादमानं पुन्हा काही विचारलं, खाली बघूनच. "हो हो."

गोलसाहेबानं हात उडवला, तोंड फिरवलं. मुकादमानं तिला जायला सांगितलं, तेही हातानंच. तिला वाटलं, सुटले. बाहेर येऊन ती आपल्या टेबलावर बसली. समोरची जागा रिकामी होती. पाणी प्यायला गेली असेल.

धाकटी त्या दिवशी परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थोरली तिच्या घरी गेली तर दार आतून लावलेलं. थोरलीनं वाजवलं. आतून कुणी काही बोललं की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी लेक आली आणि आईसमोर येऊन बसली. रडून डोळे सुजलेले.

"आई, तू असं का केलंस?"

"काय केलं?"

"काकूचं नाव का घेतलंस?"

थोरलीला वाटलं आपण ओठ चुकीचे वाचतोय. तिनं लेकीला पुन्हा बोलायला लावलं, हळू. लेकीला ते सगळं मुकादमाच्या बायकोकडून कळलं होतं. धाकटी आत जाऊन एवढंच म्हणाली होती, "मला काय विचारता, थोरलीला विचारा. ती सांगेल ते खरं." मग मुकादमानं थोरलीला विचारलं होतं, या बाटल्या धाकटीच्या हातून गेल्या का? आणि थोरली म्हणाली होती, हो. मग त्यानं विचारलं होतं, तू तिला सांगूनही तिनं ऐकलं नाही का? आणि थोरली म्हणाली होती, हो हो.

धाकटीला त्याच संध्याकाळी काढलं.

लेक बोलायची थांबली तरी थोरली तिच्या तोंडाकडं बघत होती. मग उठली, चपला घातल्या आणि थेट मुकादमाच्या खोलीत गेली. त्यानं बस म्हटलं तरी बसली नाही.

"मुकादम, माझ्याकडं बघून बोला. मला ऐकू येत नाही."

मुकादमानं वर पाहिलं.

"दीड वर्ष झालं. गिरणीनं कान गेले. धाकटीला कळलं होतं ती बाटली वेगळी आहे. तिनं मला दाखवली. मीच म्हटलं, टाक. तुम्ही काय विचारलंत ते मला कळलं नाही. मी नुसतं हो म्हटलं. तिला परत घ्या आणि मला काढा."

मुकादमानं चष्मा काढला. त्याची ढिली काडी दोऱ्यानं बांधलेली होती. तो थोरलीच्या तोंडासमोर तोंड आणून, शाळेतल्या पोराला शिकवावं तसा, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"कुणालाच परत घेणार नाही. कारखान्यानं करार मोडला. एक तारखेपासून शेड बंद. साहेब गेले, सकाळच्या बोटीनं. त्यांना दुसरं बेट दिलंय."

"पण आता कळलं ना चूक कशी झाली? त्यांना लिहा. हॉटेलवाल्यांना सांगा, त्या बाटल्या बंद करा म्हणावं."

"लिहिलं. हॉटेलवाले म्हणतात, आम्हाला त्या बाटल्यांसाठी बक्षीस मिळालंय." तो थांबला. मग तिच्या कानांकडं बघत म्हणाला, "आणि तुझे कान शाबूत असते तरी एक महिना उशिरा हेच झालं असतं, थोरले. सात बोटी येतात दिवसाला."

तो हे दिलासा म्हणून बोलला असावा. पण थोरलीला त्यातून कळलं ते वेगळंच. तीस वर्षांची तिची एकुलती एक कमाई, तिचे कान, ते असते काय आणि नसते काय, त्यानं काही फरक पडणार नव्हता. मग धाकटीचा बळी गेला तो कशासाठी?

ती धाकटीच्या दारात गेली. दार उघडं होतं. धाकटी पाठमोरी बसून काहीतरी शिवत होती.

"धाकटे, मी बहिरी झालेय," थोरली दारातूनच म्हणाली. आपला आवाज मोठा झालाय की लहान, तेही तिला कळत नव्हतं. "म्हणून हो म्हटलं गं. कळलंच नाही मला काय विचारलं ते. मुकादमाला सांगून आलेय आता."

धाकटीचा सुईचा हात थांबला. तिचे खांदे हलले. ती बोलत होती की रडत होती की हसत होती, पाठीवरून कळेना. वळली मात्र नाही. थोरली उभी राहिली, मग निघून आली. आता येईल, मग येईल, म्हणून घराचं दार चार दिवस तिनं लावलं नाही.

शेडीचं दार मात्र एक तारखेला लागलं. बोटी सातच्या सातच राहिल्या. पाच वर्षांत उगवलेलं गवत पंधरा दिवसांत काळ्या पिशव्यांखाली गेलं, आणि एका दुपारी टेकडीच्या मागून धूर वर आला. लेकीनं सांगितलं, हॉटेलात पाहुणे विचारत होते, तिकडं काय आहे. तिला सांगायला लावलं होतं, शेतीचं काहीतरी जाळतायत.

थोरली खड्ड्यावर परतली. दुसरं काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिला चाळीसच्या चाळीस गठ्ठे तिथं ओळीनं टाकलेले दिसले, तांबडं 'परत' वर करून. मुकादमाला तेवढ्या तारा काढून हव्या होत्या. चार बायका तारा तोडत होत्या. त्यांच्यात एक काटकुळी होती.

थोरली तिच्या शेजारच्या गठ्ठ्यापाशी बसली. कुणी उठून गेलं नाही. पक्कड आळीपाळीनं वापरायची होती, ती धाकटीनं वापरून झाल्यावर मधे जमिनीवर ठेवली. थोरलीनं उचलली.

तार तुटली की गठ्ठा सुस्कारा टाकल्यासारखा फुगायचा आणि बाटल्या बाहेर सांडायच्या. पारदर्शक, स्वच्छ, लेबलं काढलेल्या. पूर्वी याच ठिकाणी त्या दोघी डोळे मिटून वेचायच्या. आताही धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं. थोरलीनं सवयीनं डोळे मिटले आणि लगेच घाबरून उघडले. डोळे मिटले की जगच राहत नव्हतं.

वाऱ्यानं धूर फिरला तशी चौघींनी फडकी तोंडावर घेतली. हे मात्र थोरलीच्या ध्यानात आलं नव्हतं. शेडीत तोंडं उघडी होती. इथं नाकाखाली सगळ्यांचंच फडकं. आता ओठही गेले.

घरामागच्या दगडाशेजारची बाटली तिनं त्याच सकाळी उकरून काढली होती. सहा महिन्यांनी. धुतली तर पाणी भरून पिता आलं असतं, इतकी ती नवीकोरी होती. ती तिनं पिशवीतून काढली आणि धाकटीपुढं धरली. पानाचं लेबल ओलीनं गळून पडलं होतं.

धाकटीनं ती बघितली. हातात घेतली. दाबली, मग कानाजवळ नेऊन पुन्हा दाबली. तिच्या डोळ्यांच्या कडा जरा हलल्या, ओळख पटल्यासारख्या. मग ती थोरलीकडं वळली आणि बोलू लागली. फडकं आत-बाहेर होत होतं. बोलणं लांबलचक होतं. मधेच तिनं बाटली थोरलीच्या छातीवर टेकवली, मधेच हात उडवला, मग परत बोलली. शिव्या देत होती की माफ करत होती की नुसती त्या कुडकुड्या आवाजाचं सांगत होती, थोरलीला काही कळलं नाही. फडकं खाली कर म्हणावं तर धूर असा की धाकटीला श्वास घेता आला नसता.

धाकटी थांबली. डोळे थोरलीवर. उत्तर हवं होतं.

थोरलीची मान आपसूक हलायला निघाली. तिनं ती धरली.

"नाही ऐकू आलं," ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं बाटली मागं आगीत फेकली, पक्कड उचलली आणि पुढच्या गठ्ठ्याची तार तोडायला लागली.